ला रोंजच्या पाण्यावर

गळाला लागलेला मासा घरी न्यायचा असतो, एवढेच मत्स्यशास्त्र आमच्या घराण्याला ठाऊक. बाबा कर्लीच्या खाडीवर गळ टाकून बसत आणि एखादी तांबोशी घेऊन आले की घरात सण होई. म्हणून दादाने हातभर लांबीचा जॅकफिश मोजून परत पाण्यात सोडला, तेव्हा आमच्या सौ.च्या तोंडून ‘अगंबाई!’ निघाले ते काही उगीच नव्हे.

‘‘इथल्या गार पाण्यात मासा फार सावकाश वाढतो, वहिनी. मोठी मादी सोडायचीच,’’ दादाने समजूत घातली.

२०२४ च्या जूनअखेरीस आम्ही कॅनडातील सस्काटूनला दादाकडे गेलो होतो. तेथून उत्तरेला पावणेचारशे किलोमीटरवर ला रोंज सरोवर आहे. प्रिन्स अल्बर्टपर्यंत गव्हाची सपाट शेते. पुढे स्प्रूसचे जंगल सुरू होते, ते संपतच नाही. हा मूळचा क्री लोकांचा मुलूख. हिमनद्यांनी अतिप्राचीन खडक खरवडून केलेल्या खळग्यांत पाणी साठले आणि सरोवरे झाली. एकट्या ला रोंजमध्ये हजाराच्या वर बेटे आहेत! चुकलेली होडी कुणाला विचारत फिरणार? डास मात्र पत्ता न विचारता येतात.

दुपारी एका बेटावर चूल मांडली. वॉलआय मासा तव्यावर पडला. मोठ्या वहिनींनी सस्काटूनहून तिरफळे आणली होती. गोड्या पाण्याच्या माशाला काय चव असणार, असे मालवणी तोंडाने म्हणत मी चार तुकड्या संपवल्या.

वॉलआयच्या डोळ्यांत मांजरासारखा चकाकता पडदा असतो. अंधुक उजेडात त्याला छान दिसते. म्हणून तो संध्याकाळी शिकारीला निघतो. आणि तेथली संध्याकाळ म्हणजे रात्रीचे साडेनऊ! आम्ही दोघे भाऊ आणि पुतण्या पुन्हा होडीत बसलो. दादाने इंजिन बंद केले. दूर कुठेतरी लून पक्षी रडल्यासारखा ओरडत होता. (कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे तोच.)

पुतण्याची दोरी तुटली होती. दादाने नवा गळ बांधला आणि गाठ आवळण्यापूर्वी ती ओठांत धरून ओली केली. मी पाहतच राहिलो. बाबा अस्सेच करीत. कोरडी गाठ आवळली की दोरी घासून कमजोर होते, असे ते सांगत.

बाबा २०१९ च्या फेब्रुवारीत गेले. अग्नी मी, धाकट्याने दिला. दादा आला तो तेरावे उलटल्यावर. तेव्हापासून आमचे बोलणे हवापाण्यापुरते.

‘‘मी निघालो होतो रे,’’ गळाकडे पाहतच दादा म्हणाला. ‘‘बर्फाच्या वादळात विमानं बंद. दोन दिवस विमानतळावर बसून होतो.’’

‘‘मग फोनवर सांगायचं होतंस!’’

‘‘सांगितलं. ‘बर्फ’ म्हणालो आणि तू फोन ठेवलास.’’

खरे होते. फेब्रुवारीत आमच्या अंगणात आंब्याला मोहोर होता. बर्फाचे कारण मला थट्टा वाटली होती. मी काही बोललो नाही. पुतण्याला बापाचे मराठी निम्मे कळले असावे. तो आळीपाळीने आम्हां दोघांकडे पाहत होता. तेवढ्यात त्याची काठी वाकली.

२०२५ च्या जूनमध्ये वणव्यामुळे ला रोंज गाव रिकामे करावे लागले. बातमी वाचली आणि तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब न करताच मी दादाला फोन लावला.