मालगुडीहून भालकीपर्यंत

बिदर जिल्ह्यातील आमच्या भालकीला किल्ला आहे, आठवड्याचा बाजार आहे आणि विकाराबाद-परळी मार्गावरचे एक रेल्वे स्थानक आहे. बालपणी त्या स्थानकाचे दुसरे नाव मालगुडी आहे अशी आमची पक्की समजूत होती. वाचकांना हसू येईल; परंतु 1986-87च्या सुमारास ज्यांनी दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ पाहिली असेल, त्यांच्यापैकी अनेकांचे स्वतःचे असे एकेक मालगुडी असणार.

दूरदर्शन आमच्या भागाला अगदीच नवे नव्हते. 1975-76 साली उपग्रहाद्वारे खेड्यांत कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात शेजारचा गुलबर्गा जिल्हा (2014पासून कलबुर्गी) होता. तेथील जाळीच्या मोठ्या छत्र्यांच्या गोष्टी आमचे मामा रंगवून सांगत. आमच्या घरी मात्र संच आला तो त्यानंतर दहा वर्षांनी, आणि तोही कृष्णधवल. मुंबईचे मराठी कार्यक्रम आमच्यापर्यंत पोचत नसत. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि पडद्यावर हिंदी, असा आमचा संसार होता. आजीला दखनी चांगली येई. पण पडद्यावरची माणसे फार भरभर बोलतात, अशी तिची तक्रार असे. म्हणून अण्णा शेजारी बसून प्रत्येक वाक्य तिला मराठीत सांगत. आम्हां भावंडांना ती मालिका अण्णांच्याच आवाजात आठवते.

मागल्या दिवाळीत जुने घर विकण्याचे ठरले. सामान आवरण्यासाठी आम्ही आठ दिवस भालकीला राहिलो. रात्री करण्यासारखे काही नव्हते. पुतण्याने मोबाईलवर स्वामीचे भाग लावून दिले आणि ओसरीवर बसून आम्ही ते ओळीने पाहिले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती पावसाची. चित्रण झाले आगुंब्याला, शिमोगा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर; कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. ओली कौले, शेवाळलेल्या भिंती, दाट झाडी! आमच्याकडे काळी जमीन, तूर आणि उडीद, आणि दर दोन-तीन वर्षांनी आभाळाकडे लागलेले डोळे. एवढा ढळढळीत फरक बालपणी दिसला कसा नाही, याचे नवल वाटले. कदाचित कृष्णधवल पडद्याने हिरवा रंग गिळला असेल.

दुसरे असे की ही मालिका आपल्या सीमेवरच्या माणसांसाठीच जणू केली होती, हे आता उमगले. कथा आर. के. नारायण यांच्या, मूळ इंग्रजीत; रेखाचित्रे त्यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शक शंकर नाग, कन्नड चित्रपटांचे लाडके नट, ज्यांनी मुंबईत मराठी रंगभूमीवरही काम केले होते. ते 1990 साली अपघातात गेले, तेव्हा छत्तिशीचेही नव्हते. स्वामीचे वडील झालेले गिरीश कर्नाड जन्माने माथेरानचे. सीमेच्या वादात ज्यांनी हयात घालविली, त्या वडीलधाऱ्यांच्या दुःखाला आम्ही कमी लेखत नाही. पण पडद्यावरची ही सरमिसळ आम्हांला आमच्या गल्लीसारखीच वाटली.

मग तो शेवटचा प्रसंग आला. स्वामीमुळे क्रिकेटचा सामना हातचा गेलेला, राजम रुसलेला, त्याच्या वडिलांची बदली झालेली, आणि स्वामी पुस्तक भेट देण्यासाठी स्थानकावर धावलेला. आम्ही कान देऊन बसलो. कारण त्या वेळी अण्णांनी आजीला सांगितलेले वाक्य आम्हांला तोंडपाठ होते : “राग गेला म्हणं त्याचा. पत्र धाडतो म्हणतोय.”

पडद्यावर राजम असे काही बोललाच नाही. आम्ही प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी 1935ची मूळ कादंबरी मिळवून वाचली. तेथेही राजम काही बोलू पाहतो तोच गाडीच्या शिट्टीत सारे बुडून जाते. पत्राचे आश्वासन देतो तो मणी, स्वामीची समजूत घालण्यासाठी, आणि ते खरे की खोटे हे लेखक सांगत नाही.

त्याच वर्षी आमच्या वर्गमित्राच्या वडिलांची भालकीहून बदली झाली होती. तो कन्नड घरातला. गोट्यांवरून भांडण झाले म्हणून आम्ही त्याला निरोप द्यायला स्थानकावर गेलो नाही. अण्णांना ते ठाऊक होते. ते वाक्य त्यांनी आजीसाठी उच्चारले नव्हते. त्यानंतर आम्हीच त्याला पहिले पत्र लिहिले. उत्तर कन्नडात आले, आणि पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. अण्णांना आता काही विचारता येत नाही.

तो मित्र आता कलबुर्गीला असतो. परतताना बिदरहून आम्ही मुद्दाम तिकडची गाडी धरली. हा मार्ग 2017च्या ऑक्टोबरात खुला झाला. जेमतेम एकशेदहा किलोमीटरांचा, पण त्याची वाट एका पिढीने पाहिली. हुमनाबाद मागे पडले. मरगुत्तीचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा आला, तेव्हा डब्यातील पोरांनी एकच ओरडा केला.

मित्राला भांडण आठवत नव्हते. आम्ही स्थानकावर आलो नाही, एवढे मात्र स्वच्छ आठवत होते. “तुला ताप आला असेल, असं आई म्हणाली होती,” तो म्हणाला. जेवणानंतर आम्ही त्याला मोबाईलवर तो प्रसंग दाखविला. खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चालला होता.

“काय म्हणतोय रे तो?” त्याने विचारले.

“पत्र धाडतो म्हणतोय,” आम्ही म्हटले.