आजींची चिठ्ठी

उन्हाळ्यात वारा फिरला की साकुराजिमाची राख कागोशिमा शहरावर येते. ज्वालामुखी खाडीच्या पलीकडे, शहरापासून चारेक किलोमीटरवर. वाळत घातलेले कपडे धावत जाऊन आत घ्यायचे, खिडक्या लावायच्या आणि राख बसली की झाडू घेऊन बाहेर पडायचं. चुलीतल्या राखेसारखी ती मऊ नसते. बारीक काळी वाळूच म्हणा, दाताखाली करकरते. ती भरायला महापालिका पिवळ्या पिशव्या देते. आमच्या कॉन्व्हेंटच्या शेजारी एक आजी एकट्याच राहायच्या. वय एक्याऐंशी. त्यांच्या फाटकापुढची राख मी झाडून, पिशवीत भरून द्यायला लागले, तिथून आमची ओळख.

मी वसईची. सिस्टर होऊन जपानला गेले ती सुवार्ता सांगायलाच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण जपानमध्ये ख्रिस्ती माणूस शंभरात जेमतेम एक. रस्त्यावर पत्रक पुढे केलं तर लोक नम्रपणे मान लववतात आणि निघून जातात. श्रद्धेचं बोलणं होतं ते ओळख मुरल्यावर, घरात बसून, एका वेळी एकाच माणसाशी. आजींनी मला आत बोलावलं तेव्हा राख झाडायला लागून चार महिने झाले होते.

आतल्या खोलीत त्यांचं बुत्सुदान होतं. काळ्या लाखेचं, दोन दारांचं, आपल्या देव्हाऱ्याएवढं कपाट. आत नवऱ्याच्या नावाची पाटी. सकाळी भात झाला की पहिला घास पितळेच्या छोट्या वाटीत घालून आधी तिथे ठेवायचा, उदबत्ती लावायची, लहानशी घंटी वाजवायची, मग आपण खायचं. त्या दिवशी मी आईने वसईहून पाठवलेली सुकेळी नेली होती. आजींनी पुडी उघडून वास घेतला आणि तशीच बुत्सुदानापुढे ठेवली. घंटी वाजवून म्हणाल्या, "भारतातून आलीत. शिसुतासाननी दिली." शिसुतासान म्हणजे सिस्टर, मीच. नवरा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

त्यानंतर दर बुधवारी मी जायची. त्या विचारतील तेवढंच सांगायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यांचे प्रश्न मला कुठल्या वर्गात कोणी विचारले नव्हते. येशू काय खायचा? त्याची आई म्हातारपणी कोणाकडे राहिली? मित्र लाजरस मेला तेव्हा येशू रडला, हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "तुमचा देव रडला?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग पंधरा ऑगस्ट आला. आम्हा कॅथलिकांसाठी तो मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण, माझ्यासाठी स्वातंत्र्यदिनही. जपानी माणसासाठी तो युद्ध संपल्याचा दिवस, आणि ओबोनचाही, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखा, गेलेली माणसं घरी येऊन परत जातात तो सण. आजींनी दाराशी कंदील लावला होता. मला बसवून त्यांनी विचारलं, "मी तुमच्या देवाची झाले, तर मेल्यावर मी त्याच्याकडे जाईन. मग माझा नवरा कुठे असेल? त्याला तर येशूचं नावही ठाऊक नव्हतं."

हा प्रश्न याच गावात आलेल्या माणसाने साडेचारशे वर्षांपूर्वी ऐकला होता. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली पंधरा ऑगस्टलाच कागोशिमाला उतरला. बरोबर आंजिरो नावाचा इथलाच माणूस होता, वर्षभर आधी गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला. जपानहून परतल्यावर १५५२ साली कोचीनहून लिहिलेल्या पत्रात झेवियरने कळवलं, की नव्याने ख्रिस्ती झालेले लोक आपल्या मेलेल्या आईवडिलांसाठी, मुलांसाठी रडतात, त्यांना नरकातून सोडवायचा काही उपाय नाही का, असं विचारतात. त्याने सांगितलं, नाही. त्यांचं रडणं पाहून त्यालाही दुःख झालं. लहानपणी, १९८४ च्या डिसेंबरात, वडिलांच्या खांद्यावर बसून मी जुन्या गोव्यात त्याच्या शवाचं दर्शन घेतलं होतं. त्याच्या श्रमांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्याचं ते उत्तर मी आजींना देणार नव्हते. स्वतः चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, लिहून ठेवलं आहे की आपला काही दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

हे वाक्य मला जपानीत पाठ होतं, तरी मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, "आजी, जो मित्राच्या थडग्यापाशी रडला, तो तुमच्या यजमानांना टाकून देईल असं मी मानत नाही." मग मी त्यांना आमच्याकडच्या दोन नोव्हेंबरची गोष्ट सांगितली. वसईला त्या दिवशी आम्ही थडगी धुऊन फुलं घालतो, अंधार पडेपर्यंत सगळी कबरस्तानं मेणबत्त्यांनी उजळतात. माझी आजी माझ्या आजोबांच्या थडग्यापाशी बसून शेतीभातीचं, घरचं सगळं सांगायची. आजी म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही बोलता."

संध्याकाळी आमच्यातल्या एका सिस्टरने मला बाजूला घेतलं. तिच्या मते, मी दार उघडलेलं पाहून परत फिरले होते. बाप्तिस्म्याचं त्याच वेळी विचारायला हवं होतं. ती तळमळीने बोलत होती, तिची वीस वर्षं त्या देशात गेली होती. पण ज्या बाईला नवऱ्याची काळजी लागली आहे, तिला बाप्तिस्म्याची तारीख विचारणं माझ्याच्याने झालं नसतं, आजही होणार नाही.

नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये दाराशी एक पेटी ठेवतात. ज्यांच्यासाठी मिस्सा हवी त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून तीत टाकायची. एका रविवारी आजी आल्या. चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या, चांगल्यातला किमोनो नेसून, ट्रामने. मी त्यांना पेटी दाखवली. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, घरूनच ब्रशने लिहून आणलेला. वर नवऱ्याचं नाव. खाली आणखी एक नाव होतं, त्यांच्याच माहेरच्या आडनावाचं, आणि पुढे लिहिलं होतं, वय सहा. धाकटा भाऊ, १७ जून १९४५ च्या बाँबहल्ल्यात गेलेला. सव्वा वर्षात त्याच्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

कागद पेटीत टाकण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिसुतासान, दोन नावं चालतील ना?"