वारंगा फाट्यावरचा ड्रायव्हर

नांदेडहून निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी उमरखेडमार्गे यवतमाळकडे. अशा ठिकाणी ‘ड्रायव्हर पाहिजे’ असे म्हटले की चहाच्या टपरीवरची माणसे रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रककडे बोट दाखवतात. आम्हांस हवा असलेला ड्रायव्हर संगणकात घालावयाचा होता.

२००६ साली आम्ही एका छोट्या ध्वनिमुद्रण यंत्रावर आमच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या होत्या. आत्या आता नाही. यंत्र आहे, पण त्याच्या फायली त्याच्या स्वतःच्या साच्यातल्या. त्या संगणकावर उतरवायच्या तर निर्मात्याची सीडी आणि तिच्यातला ड्रायव्हर हवा. तो ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि आमच्या घरच्या ६४ बिटांच्या संगणकाने त्या ड्रायव्हरला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. आवाज आत शाबूत असावा आणि तो बाहेर काढणारी भाषाच कोणाला येऊ नये, अशी ती अवस्था होती.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास ही अवस्था नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. पोथ्या मठांत होत्या, अक्षरे स्वच्छ होती. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल करीपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला ते वाङ्मय असून नसल्यासारखेच होते. ग्रंथ जपणे आणि ग्रंथाची किल्ली जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. स्वतःच्या कपाटास मात्र तो नियम लावला नव्हता.

फाट्यावरच्या एका दुकानात लग्नपत्रिका छापून मिळतात आणि ऑनलाइन अर्ज भरून मिळतात. तेथे एक्सपीवरचा एक जुना संगणक अजून चालतो, कारण दुकानातला जुना प्रिंटर दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. दुकानदाराने आमच्या हातातली वायर बाजूला ठेवली. “आधी सॉफ्टवेअर टाकू सर, मशीन मागून जोडू. उलटं केलं की घोळ होतो.” सीडी दोनदा पुसावी लागली. अखेर यंत्र ओळखले गेले आणि एकतीस फायली एकेक करून उतरल्या. घड्याळ आम्ही कधी लावलेच नव्हते; त्यामुळे सगळ्यांवर यंत्राची एकच मूळ तारीख होती. एका फायलीत मागे हळद शिजवण्याची गडबड ऐकू आली, तेव्हा ते उन्हाळ्याच्या तोंडचे दिवस असावेत इतके अनुमान निघाले.

आवाज तोच होता. पण ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्ही ओशाळलो. प्रत्येक फाईल ओवी संपताच तुटत होती. आत्या मध्येच थांबून काही सांगू लागली की जागा वाचावी म्हणून आम्हीच बटण दाबत होतो. ओवी म्हणजे वाङ्मय आणि बाकीचे अवांतर, ही आमची तेव्हाची समज. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. आत्याच्या कितीतरी ओव्यांची भावंडे तेथे सापडतील. आम्ही गाळले ते मात्र कोठेच सापडणार नाही. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करताना साधे बोलणे, खाणेपिणे, येणेजाणे यांस अवांतर मानले नाही. म्हणूनच लीळाचरित्रात माणूस भेटतो. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या संग्राहकाला जे कळले ते आम्हांस हाती यंत्र असून कळले नाही.

एकोणिसाव्या फाईलमध्ये बटण दाबायचे राहून गेले होते. ओवी संपते, जाते थांबते, पीठ भरल्याचा आवाज येतो. मग आत्या विचारते, “झालं का बाबा तुझं? चहा टाकू का?” त्यावर आमचे उत्तर नाही; आम्ही बहुधा वहीत ओवी उतरवून घेत होतो. ती पुन्हा विचारते.

दुकानदाराने सर्व फायली साध्या साच्यात करून पेनड्राइव्हवर दिल्या आणि पैसे किती घ्यावे असा विचार करीत राहिला. एकोणिसावी फाईल त्यानेही ऐकली होती.