साखरेची पुडी

नववीत असताना माझ्या दप्तरात साखरेची पुडी आली. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, चहूकडे ऊस, भवानीनगरचा कारखाना जवळ. अशा भागात पोरीला ‘शुगर’ निघाली म्हटल्यावर लोक म्हणाले, गोड फार खाल्लं असेल. टाइप १ मधुमेह गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. मग जन्मभर इंजेक्शनं. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिन टोचलेला पहिला रुग्ण, लेनर्ड थॉम्पसन, माझ्याएवढाच होता, १४ वर्षांचा.

पण इन्सुलिन, खाणं आणि खेळणं यांचा मेळ चुकला की रक्तातली साखर ७० च्या खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालत नाही. अशा वेळी साखरच लागते.

“कुणाला कळू देऊ नका, उद्या हिचं लग्न व्हायचंय,” आजीचं म्हणणं. आईने ऐकून घेतलं, आणि मला विचारून दुसरी पुडी बांधली ती माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीसाठी. “ही उगाच चिडली, गप्प झाली, तर तीन चमचे पाण्यात घालून पाज. आधी साखर, मग बाईंना सांग.”

मैत्रीण माझ्या तोंडाकडे नव्हे, वहीकडे बघायची. अक्षरं रेघ सोडून खाली उतरू लागली की तिची बाटली पुढे यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, याचीही तीच आठवण करून द्यायची. कुठल्याही डॉक्टरला माझं अक्षर तिच्याइतकं वाचता आलं नाही.

बारामतीला कॉलेजात आले तेव्हा पुडीच्या जागी ग्लुकोजची पावडर आली. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी खोलीतल्या मुलींना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर पोटात सुई घेताना आडोसा लागला नाही, हे सुख मोठं होतं. वारीतलं बेलवाडीचं रिंगण बघायला गेलो तेव्हा पावडर त्यांच्या पिशवीत होती.

आता माझ्याकडे टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडील विचारायला येतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कुणाला सांगायचं ते मुलालाच ठरवू द्या, पण दोघा-तिघांना तरी सांगाच. मित्रांना पहारेकरी करू नका. ‘हे खाऊ नको’ म्हणणारे घरात पुष्कळ असतात. आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा, हे मित्रांना पहिल्याच दिवशी शिकवा.