श्रवणयंत्राची निवड : ताळेबंदाच्या नजरेतून

उतारवयातील श्रवणदोषाचे वैशिष्ट्य असे की, ज्याला तो जडतो त्याच्याआधी तो घरच्यांना कळतो. दृष्टी मंदावली की अक्षरे पुसट होतात आणि मनुष्य आपण होऊन चष्मा करावयास जातो. ऐकणे मंदावले तर मात्र समोरचाच पुटपुटतो आहे, असे वाटत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीनंतर दर चार माणसांत किमान एकाला व्यवहारात अडचण यावी इतका श्रवणदोष असतो. आपल्या दुकानांतून गादीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांची मोजदाद केली, तर हा अंदाज कोणाला फुगवलेला वाटू नये.

व्यापारी घरात या दोषाची झळ प्रथम आकड्यांना लागते. वयोमानाने ऐकणे कमी होते ते सगळीकडून सारखे नव्हे. बारीक, उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. आ, ओ हे स्वर जाड आणि ठसठशीत असल्याने ऐकू येतात. स, श, फ, ठ ही व्यंजने निसटतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'साठ', 'सात' आणि 'आठ' यांतला फरक या निसटणाऱ्या व्यंजनांतच आहे, आणि तुरीच्या भावात तो फरक केवढा, हे वाचकांना मी सांगावयास नको. माझे थोरले बंधू आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. नेरच्या आमच्या आडत दुकानात चाळीस वर्षे भाव त्यांच्या तोंडून ठरत आला. गेल्या हंगामात फोन वाजला की ते तो पुतण्याच्या हाती देऊ लागले. "अरे, तूच बोल, इथे रेंज मिळत नाही," असे ते म्हणत. रेंज पुतण्याला मात्र त्याच जागी मिळत असे.

मी स्वतः बँकेतून निवृत्त झाल्यानंतर, गेली दोन वर्षे, दोन्ही कानांना पुनर्भारणक्षम, म्हणजे चार्जिंगची, यंत्रे लावतो. दादांसाठी निवड करताना घरात जी चर्चा झाली, तिच्या निमित्ताने हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, यंत्राच्या दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांचे दार. कानातला मळ काढताच ऐकू येऊ लागलेली माणसे मी पाहिली आहेत. एका कानाचे ऐकणे अचानक, दोन-तीन दिवसांत गेले असेल, तर तो यंत्राचा नव्हे, तातडीच्या उपचाराचा विषय असतो. तेथे एकेक दिवस मोलाचा. कान वाहत असेल, किंवा दोन कानांत फार तफावत असेल, तरीही आधी डॉक्टर. त्यानंतर श्रवणतज्ज्ञ. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. कर्ज देताना आपण सात-बारा पाहतोच की. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील तज्ज्ञ घडविते. नेरच्या माणसाला एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. आम्ही यवतमाळ आणि अमरावती या दोन्ही ठिकाणी चौकशी केली.

तपासणीत जो आलेख मिळतो, त्याची प्रत मागून घ्यावी. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतच्या प्रत्येक पट्टीवर किती डेसिबलला ऐकू आले, ते त्यावर कानागणिक मांडलेले असते. साधारण ४० डेसिबलपर्यंत दोष सौम्य, त्यापुढे ५५ पर्यंत मध्यम, आणि ७० च्या पलीकडे तीव्र, असे पुष्कळ ठिकाणी समजतात. दादांचा आलेख १००० हर्ट्झपर्यंत बरा होता आणि तेथून पुढे घाट उतरावा तसा खाली आला होता. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रे सगळेच आवाज सरसकट वाढवितात. असा उतार असलेल्या कानाला त्याने गलबला तेवढा मोठा होतो. आलेखाप्रमाणे जुळविलेले यंत्र जेथे घट आहे तेथेच भर घालते. जुळवणी खरोखर झाली की नाही, हे कानाच्या नळीत बारीक रबरी नळी सोडून मोजता येते. ही मोजणी सर्वत्र होत नाही, तरी ती विचारावी. एका विक्रेत्याने आमच्या या प्रश्नावर विषय बदलून सवलतीचा तक्ता पुढे केला, तेव्हा आम्ही नमस्कार करून उठलो.

आता चार्जिंगचे की बदलत्या सेलचे, हा प्रश्न. जुन्या पिढीतील वकील-मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशातली डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजची दोन्ही यंत्रे नवलाचीच वाटतील. बटणाएवढे झिंक-एअर सेल मागची पट्टी सोलताच हवेच्या संपर्काने चालू होतात. तपकिरी पट्टीचा ३१२ क्रमांकाचा सेल अंदाजे आठवडाभर टिकतो. म्हणजे दोन कानांचे वर्षाला १०४ आणि पाच वर्षांत ५२० सेल. प्रत्येक सेल बदलावयास बोटांत कसब हवे, आणि दादांची बोटे आता थरथरतात. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा सेल गव्हाच्या परातीत पडला आणि तो शोधण्यात सारे घर गुंतले. घरात लहान मूल असेल तर असा सेल गिळला जाण्याचे भय वेगळेच. चार्जिंगच्या यंत्रात रात्री डबीत ठेवणे आणि सकाळी उचलणे एवढेच काम. तीन-चार तासांत ते पूर्ण भरते आणि दिवसभर चालते. मोबाइलचा आवाज थेट कानात घेतला तर थोडे लवकर उतरते.

तथापि चार्जिंगच्या यंत्राची दुसरी बाजू कोणी आपणहून सांगत नाही. आतली लिथियम बॅटरी बहुधा बंदिस्त असते आणि चार-पाच वर्षांत तिची ताकद ओसरते. ती बदलण्यासाठी यंत्र कंपनीकडे धाडावे लागते, तेव्हा त्या काळात पर्यायी यंत्र मिळेल काय, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च किती, हे दोन्ही लेखी घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाणे नवे नाही. म्हणून स्वतःची बॅटरी असलेली डबी मी निवडली. तिच्यावर दोन-तीन रात्री निघतात आणि शिखरजीच्या यात्रेतही तिने निभावून नेले. लिथियमला उष्णता सोसत नाही, यास्तव विदर्भाच्या मे महिन्यात बंद मोटारीत यंत्र ठेवणे टाळावे. घाम आणि पावसाळी दमट हवा यांसाठी सिलिका जेलची वाळवणीची डबी उपयोगी पडते.

यंत्रांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत आणि महाग ते सर्वांत उत्तम हे समीकरण येथे लागू पडत नाही. वरच्या किमतीत मुख्यतः गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता मिळते. सकाळी मंदिर आणि दुपारी घर, एवढेच ज्यांचे जग आहे, त्यांना मधल्या श्रेणीचे यंत्र पुरते. लिलावाच्या गलक्यात उभे राहणाऱ्याने थोडे वर जावे. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, तेव्हा बिलावर तो लावलेला नाही ना, हे पाहावे. मी माझ्या सवयीने खरेदी, दुरुस्ती, बॅटरी आणि फेऱ्यांचा प्रवासखर्च एकत्र मांडून पाच वर्षांवर घसारा काढला. त्या कागदावर चार्जिंगचे यंत्र किंचित महाग ठरले. पण कागदावर थरथरत्या बोटांना रकाना नसतो.

यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी गेल्या त्या परत येत नाहीत, आणि कित्येक वर्षे न ऐकलेले ध्वनी मेंदूला पुन्हा ओळखावे लागतात. त्यास काही आठवडे लागतात. मला पहिल्या दिवशी पंख्याचा, वर्तमानपत्राचा आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज असह्य झाला होता. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही आता हळू बोलता!" तोवर मी ओरडून बोलत होतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून चाचणीची मुदत मागून घ्यावी, आणि यंत्र नुसते घरच्या शांततेत न पाहता दुकानात, लग्नाच्या मांडवात, प्रवचनाच्या सभागृहात वापरून पाहावे. फरशी आणि उंच छत असलेल्या सभागृहात आवाज घुमतो. तेथे उत्तम यंत्रही अडखळते, पुढच्या ओळीत बसणे हाच त्यावर इलाज.

सामायिकाच्या वेळी यंत्र काढावे काय, हा प्रश्न मला दोन-तीन श्रावकांनी विचारला. विजेच्या साधनांविषयी आपल्याकडे मते भिन्न आहेत, आणि त्याचे उत्तर निवृत्त बँक अधिकाऱ्याने देणे उचित नव्हे. आपापल्या गुरुमहाराजांना विचारावे. मी काढून ठेवतो. माझी पत्नी समोर बसते आणि वेळ झाली की हाताने खूण करते.

दादांनी प्रारंभी साफ नकार दिला होता. "कानात यंत्र दिसले की गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारा गेला कामातून," हे त्यांचे म्हणणे. मी एवढेच विचारले, "आणि साठाचे आठ ऐकले तर काय म्हणेल?" त्यावर ते बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी वहिनींनी निरोप धाडला की तपासणीचा दिवस ठरवा. आता त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रे आहेत, चाचणीची मुदत येत्या पंधरवड्यात संपते. डाव्या कानाचे त्यांना मानवले आहे. उजव्याचे ते बाजाराची वेळ संपली की डबीत ठेवून देतात, त्याची जुळवणी पुन्हा करून घ्यावयाची आहे. परवा फोन वाजला तेव्हा पुतण्याने सवयीने हात पुढे केला, आणि दादांनी तो फोन दिला नाही.