मशेरीची डबी

प्रिय आत्या,

परवा फोनवर म्हणालीस, "व्यसन म्हणजे दारू, गांजा. मी तर दात घासते." आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवलास. दूध खरंच उतू जात होतं का, ते विचारत नाही.

मला तुझा तवा आठवतो. मागच्या पडवीत तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायचीस आणि आम्ही पोरं ठसका लागून अंगणात पळायचो. मग ती मशेरी चुरून डबीत. सकाळी उठल्यावर, भांडी झाल्यावर, रात्री अंथरुणावर. दिवसातून पाचदा दात कोण घासतं गं?

दोष देत नाही. दाढ दुखली म्हणून पहिलं बोट आजीनंच लावून दिलं होतं. बाईनं विडी ओढली असती तर गाव बोललं असतं; मशेरीला कुणी नाव ठेवलं नाही. भांगलताना भूकही मरायची. आणि तंबाखूला शिव्या तरी कोणत्या तोंडानं देऊ? माझी फी निपाणीच्या वखारीतल्या पैशातून गेली. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्यांत आपले आबाही होते.

पण तंबाखू ही काही आपली पूर्वापार चीज नव्हे. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आणली. विजापुरात ती इतकी रुळली, की १६०४च्या सुमारास अकबराच्या दरबारातल्या असद बेगनं तिथूनच रत्नजडित हुक्क्यासकट ती बादशहापुढं नेली. बादशहानं झुरके घेतले, हकिमानं अडवलं. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीच घातली. कोण ऐकतंय! दातमंजनात तंबाखू घालायला तर आपल्या सरकारनंही १९९२ मध्ये मनाई केली. तुझ्या तव्यावर छापा कोण घालणार?

भाजली म्हणून निकोटिन जात नाही. हिरडीतून ते रक्तात उतरतं, तिथून मेंदूत, आणि तरतरी येते. मेंदू मग तेवढ्यावरच अडून बसतो. डबी सापडली नाही की तुझं डोकं चढतं, सुनेवर ओरडतेस, पोट साफ होत नाही. मशेरीनं पोट साफ होतं म्हणतेस ना? अडवतेही तीच, सोडवतेही तीच. शिवाय तंबाखू करपताना कॅन्सरला कारण होणारी आणखी द्रव्यं तयार होतात.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. दोन-चार आठवड्यांत तलफ बरीच उतरते. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून. एकदम जमलं नाही, मध्येच बोट डबीत गेलं, तर मला सांग. मी रागावणार नाही.

दिवाळीत तू हसलीस तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. झोंबतो म्हणून तू आमटीत तिखट कमी घातलंस, तेही कळलं. असे सगळेच चट्टे वाईट नसतात. पण बघून कळत नाही, तपासावं लागतं.

मंगळवारी पहिल्या एसटीनं येते. दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. डबी लपवू नकोस, बरोबर घे. त्यांना दाखवायची आहे.

तुझी,
भाची