बोट दाखवणारं माणूस

आकाशाशी माझी ओळख बाबांनी करून दिली. ते खगोलशास्त्र शिकलेले नव्हते आणि घरात दुर्बीणही नव्हती. तरी मुलांना आकाश पहिल्यांदा घरच्या माणसानंच दाखवावं, तेही नुसत्या डोळ्यांनी, असं माझं ठाम मत आहे. बाबांवरची माया बोलते आहे, असं कुणी म्हणेल. माया आहेच, पण ती बाजूला ठेवली तरी कारणं उरतात. पहिलं कारण डोळ्यांचं. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पुरते सरावायला अर्धा तास तरी जातो. मग कृत्तिकांचा पुंजका सुटा सुटा दिसू लागतो, आणि आसपास दिवे नसतील तर देवयानीतली दीर्घिकाही, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा तो पुसट डाग. लहान मूल हा अर्धा तास एकट्यानं काढत नाही. ते कंटाळतं, अंधाराला भितं, घरात पळतं. शेजारी वडील सतरंजीवर आडवे होऊन बोलत असतील, तर तेच मूल जागचं हलत नाही. बाबांनी मला जे दिलं त्यात ताऱ्यांच्या नावांहून हे थांबणं मोठं होतं.

आता मोबाइलवर ॲप आहे, ते बाबांपेक्षा अचूक नावं सांगतं, हे खरंच. पडद्याच्या उजेडानं सरावलेले डोळे बिघडतात, त्यावर लाल उजेडाची सोयही असते. माझा आक्षेप वेगळा आहे. ॲप उत्तर आधी देतं, त्यामुळे शोधायचं काही उरत नाही. बाबांची रीत अशी, की मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आधी आपण शोधायचा. त्याची रेघ एका बाजूला वाढवली की बाण मारणारा व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला लालसर रोहिणी. ही भाकडकथा मुलांच्या डोक्यात कशाला, असं विचारलं जातं. पण कथेनं इथे नकाशाचं काम केलेलं असतं, आणि शास्त्राची वाट तिथूनच फुटते. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे मृगाची वाट पाहतात, मग तो जूनमध्ये दिसत का नाही आणि थंडीत रात्रभर कसा दिसतो? कारण ७ जूनच्या सुमारास सूर्यच त्या नक्षत्रात असतो. एवढं उमगलं की सूर्य वर्षभर ताऱ्यांमधून सरकताना दिसतो, हे मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

वडिलांनाच फारसं ठाऊक नसेल तर? योहानेस केप्लरची आई काही खगोलज्ञ नव्हती. १५७७चा धूमकेतू तिनं त्याला उंच जागी नेऊन दाखवला, आणि १५८०चं चंद्रग्रहण पाहायलाही त्याला घरच्यांनीच बाहेर बोलावलं. दोन्ही आठवणी त्यानं स्वतः नोंदवून ठेवल्या आहेत. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, मान्य. पण दाखवणारं माणूस जाणकारच असावं लागतं, हा समज मात्र त्यानं नक्की ढासळतो. शिवाय काही गोष्टी घरच्या माणसाच्या तोंडूनच नीट पोचतात. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला दिसणारा व्याध त्याच्या जन्माआधीचा असतो. रोहिणीचा प्रकाश सुमारे ६५ वर्षांपूर्वी निघालेला. तेव्हा आजोबा काय करत होते, हे मुलाला वडीलच सांगू शकतात.

शहरात तारेच दिसत नाहीत, ही तक्रार मला सगळ्यांत रास्त वाटते. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार जपण्याकरता आता राखीव जागा लागते आहे, याचं मला फार वाईट वाटतं. तरी व्याध, मृगाचा बाण, गुरू, शुक्र आणि चंद्राच्या कला मुंबईच्या गच्चीवरूनही दिसतात. पहिल्या वर्षाला तेवढं पुरे आहे.